बारा नंबरच्या पानातलं बोट

माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचणाऱ्याला दम दिलेला असतो. 'या पुस्तकात तू मरू शकतोस. मेलास तर रडत माझ्याकडे यायचं नाही. मागच्या पानात बोट अडकवून पुढचं पान वाचणारा भित्रा असतो, आणि भित्र्याने रंगवायची चित्रं घ्यावीत.' त्याखाली माझं नाव, ग्लेनिस ट्रेम्बाथ.

सहा पुस्तकांत हा दम छापून आला आणि खरं सांगायचं तर सहाही वेळा मला पुस्तकापेक्षा तोच जास्त आवडला.

ज्यांनी माझं काही वाचलेलं नाही, म्हणजे आमचं निम्मं पोर्ट हॅलम गाव आणि पोर्ट हॅलमच्या बाहेरचं सगळं जग, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही दहा-बारा वर्षांच्या पोरांची रहस्याची पुस्तकं. गोष्टीतला नायक 'तू'. चोरी झालेली असते आणि चोर तू शोधायचा असतो. पानाच्या तळाशी दोन वाटा दिलेल्या असतात. धक्क्यावर जायचं असेल तर पान चार काढ, पोलिसाला सांगायचं असेल तर पान सहा. नीट डोकं चालवलंस तर चोर सापडतो. नाही चालवलंस तर तू बुडतोस, भाजतोस, नाहीतर पांढऱ्या शार्कच्या पोटात जातोस, आणि खाली लिहिलेलं असतं: समाप्त.

सकाळी आणि दुपारी मी शाळेची बस चालवते. मधल्या वेळात पोरांना मारते, कागदावर. दोन्ही धंद्यांत माझा नियम एकच आहे. दार लागलं की लागलं. मागून कोणी दप्तर नाचवत धावत आलं तरी आरशात एकदा बघायचं आणि गिअर टाकायचा. या नियमामुळे आमच्याकडच्या गव्हाच्या शेतांवरची पोरं जेवढी वेळेवर फाटकाशी उभी असतात तेवढी अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलियात कुठे नसतील. त्यांच्या आया नाताळात मला केक पाठवतात. पोरं काही पाठवत नाहीत.

शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली आणि मासळीच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला लागले. जेवणाच्या सुट्टीत वाचायला वाचनालयातून खुनाच्या कादंबऱ्या आणायची. माझ्या हाताच्या वासाला घाबरून ग्रंथपालबाई मला फक्त फाटकी पुस्तकं द्यायच्या. त्यांची शेवटची पानं बहुतेक वेळा नसायचीच. मग खुनी कोण ते मीच ठरवायची, आणि शेडमधल्या बायकांना एकाच पुस्तकाचे तीन-तीन शेवट सांगायची. माझं सगळं साहित्यशिक्षण एवढंच. पारितोषिकं देणाऱ्या मंडळींनी मला आजवर एकदाच बोलावलं, तेही बाहेरून आलेल्या लेखकांना विमानतळावरून सभागृहात पोचवायला बस हवी होती म्हणून. मी पोचवलं. एकाने उतरताना मला टीप दिली.

तर सातवं पुस्तक. नाव 'दिव्याचं भिंग'. जुन्या दीपगृहाचं भलंमोठं भिंग गावच्या संग्रहालयातून रातोरात गायब होतं. त्यात धक्क्याखालचं एक पान आहे. ओहोटी लागलेली, वर माणसांच्या पावलांचा आवाज, खाली खांबांना चिकटलेल्या शिंपल्यांमध्ये तू उभा, आणि चोर कोण हे तुला फक्त आवाजावरून ओळखायचंय. असं पान माझ्या हातून पुन्हा होणार नाही. ते लिहून झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून ते केटलीला मोठ्याने वाचून दाखवलं.

ॲडलेडहून प्रकाशनसंस्थेच्या फिलिपा ऑसगुडचं उत्तर आलं. ही माझी नवी संपादक. आधीचा म्हातारा निवृत्त झाला, तो माझं लिखाण न वाचताच छापायचा, देव त्याचं भलं करो. फिलिपाने सगळं वाचलं होतं. तिला पुस्तक मनापासून आवडलं होतं. फक्त प्रत्येक मरणाखाली एक ओळ घालावी असं तिला मनापासून वाटत होतं: 'मागे जा आणि पुन्हा प्रयत्न कर.' बालवाचकांना अपयशानंतर आधार लागतो म्हणे.

मी लिहिलं की आधाराला भिंत असते.

तिने लिहिलं की पोरं हल्ली खेळ मोबाईलवर खेळतात, तिथे मेल्यावर पुन्हा जिवंत होता येतं. मी लिहिलं की मग त्यांना मोबाईलच छापून दे. असं दोन आठवडे चाललं. शेवटी तिने फोन केला. आवाज अगदी मऊ होता. मी मऊ आवाजाला फार घाबरते, कारण शेडमधून लोकांना कमी करायचे तेव्हा मॅनेजर त्याच आवाजात बोलायचा.

"ग्लेनिस, आपण भांडत नको बसू या," ती म्हणाली. "पुस्तक-सप्ताहात मी तुमच्या गावी येते. तुम्ही शाळेत मुलांसमोर वाचा. मेल्यावर मुलांनी ते मुकाट्याने मान्य केलं, तर पुस्तक जसंच्या तसं छापू. त्यांनी मागे जायचा हट्ट धरला, तर ओळ घालायची."

"आणि मी ओळ घातली नाही तर?"

"तर मग हे पुस्तक आमच्याकडून येणार नाही. मला मनापासून वाईट वाटेल."

मी लगेच हो म्हटलं. पोर्ट हॅलमची पोरं मी जन्मापासून ओळखते. त्यातली अर्धी माझ्या बसमध्ये ओकलेली आहेत.

आमच्या मुख्याध्यापकाचं नाव वॉरिक श्रोटर. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा आणि माझी गणितं उतरवायचा. आता टाय लावतो. त्याने युक्ती काढली की हात वर करून मतं नकोत, पोरं नुसती एकमेकांकडे बघून हात वर करतात. पायांनी मत द्यायचं. पहिला पर्याय हवा असेल तर पळत जाऊन डावी भिंत गाठायची, दुसरा हवा असेल तर उजवी. जिकडे जास्त पोरं, तिकडचं पान.

"आणि ग्लेन," तो म्हणाला, "शिव्या नकोत."

"पुस्तकात एकही शिवी नाही."

"मी पुस्तकाबद्दल बोलतच नाहीये."

त्या दिवशी हॉलमध्ये पोरं वेगवेगळी सोंगं घेऊन बसली होती. पुस्तक-सप्ताहात पुस्तकातलं पात्र होऊन यायचं असतं. चेटकिणी होत्या, समुद्री चाचे होते, पुठ्ठ्याचा एक वॉम्बॅट, म्हणजे आमच्याकडचा तो बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, होता, आणि लेफ्टेरी होता, फुटबॉलची जर्सी घालून. लेफ्टेरीचे वडील कोळंबीच्या बोटीवर असतात, आणि हा पोरगा आठवड्यातून एकदा तरी माझी बस चुकवतो.

"तू कुठल्या पुस्तकातला?" मी विचारलं.

"नियमांच्या, मिस. फुटबॉलच्या नियमांच्या."

पुढच्या रांगेत टीगन बसली होती. ही माझ्या सीटच्या बरोबर मागे बसते आणि मी रस्त्यावर ज्यांना ज्यांना नावं ठेवते ती सगळी तिला पाठ आहेत. फिलिपा मागच्या खुर्चीवर, गळ्यात लांबच लांब निळा मफलर, मांडीवर वही.

मी कड्यांची जाड फाईल उघडली आणि पहिलं पान वाचलं. दम वाचला तेव्हा पोरं शहाण्यासारखी माना हलवत होती. त्यांना तो पाठ आहे. मग चोरीची सकाळ. संग्रहालयाच्या दारात जमलेली माणसं. पोलीस शिपाई, मासे धरायचं आमिष विकणारा बर्नी, आणि शहरातून आलेली तज्ज्ञ बाई फिओना ओल्डफिल्ड, 'जिच्या गळ्यात लांब निळा मफलर होता आणि जिला प्रत्येक गोष्टीचं मनापासून वाईट वाटायचं.'

हॉलमधली सगळी डोकी एकदम मागे वळली.

मी इथे शपथेवर सांगते, ते पान मी फिलिपाला प्रत्यक्ष बघण्याआधी लिहिलं होतं. फक्त तिचा फोटो तेवढा पाहिला होता.

फिलिपा पोरांकडे बघून हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"डावी भिंत, धक्क्यावर जायचं," मी म्हणाले. "उजवी भिंत, पोलीस शिपायाला सांगायचं."

आता मी काय ठरवून आले होते ते सांगते. पोरांनी मरावं आणि मुकाट्याने मरावं, हे तर हवंच होतं. पण जरा उशिरा. आधी त्यांनी आणि त्या मफलरवालीने धक्क्याखालचं पान ऐकावं, त्यांची तोंडं उघडी पडावीत, आणि मग शार्कने त्यांना खाल्लं तरी माझी काही तक्रार नव्हती. म्हणून मी 'धक्का' हा शब्द जरा प्रेमाने उच्चारला आणि सहज नजर गेल्यासारखं डाव्या भिंतीकडे बघितलं.

"तिकडे बघतायत," टीगन शेजारणीला म्हणाली. कुजबुजून म्हणाली, पण टीगनची कुजबूज बसच्या इंजिनावरूनही ऐकू येते. "उजवीकडे चला. मिस जिकडे बघतात तिकडे खड्डा असतो."

सगळी उजवीकडे पळाली. वॉम्बॅट पडला, त्याला उचलून नेलं.

काही हरकत नाही. पोलिसाच्या पानावरूनही धक्क्याखाली जाता येतं, जरा वळसा पडतो इतकंच. मी पान सहा वाचलं. शिपाई तुझं ऐकून घेत नाही, सँडविच खात तुला हाकलून देतो. बाहेर पडतोस तर मागून पावलं ऐकू येतात. समोर बर्नीच्या दुकानाची बर्फखोली, दार किलकिलं. आत लपायचं असेल तर पान नऊ. रस्त्यावरच उभं राहून मागे वळून बघायचं असेल तर पान बारा.

पान बाराच घेतील याची मला खात्री होती. बर्फखोलीचं दार बाहेरून लागतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका त्यात अर्धा तास अडकलेला असतो. म्हणून डाव्या हाताचं पहिलं बोट मी आधीच बाराव्या पानात घालून ठेवलं. आणि यावेळी हुशारी केली. मला हव्या त्या भिंतीकडे बघायचं नाही, नको त्या भिंतीकडे बघायचं.

"बर्फखोलीकडे बघतायत," लेफ्टेरी म्हणाला.

"म्हणजे रस्ता," कोणीतरी म्हणालं.

"थांब," टीगन म्हणाली. "मगाशी आपण ओळखलं ते त्यांना कळलंय. आता मुद्दाम उलट बघतायत."

"मग?"

"मग जिकडे बघतायत तिकडेच. बर्फ."

सगळी डाव्या भिंतीला जाऊन चिकटली. उजव्या भिंतीपाशी एकटी एक चेटकीण उरली, तीही दोन्हीकडे बघून मुकाट डावीकडे गेली.

मी पान नऊ वाचलं. दुसरं करणार काय.

"तू बर्फखोलीत शिरतोस. दार तुझ्यामागे लागतं. आतल्या बाजूला कडी नाही. तू ओरडतोस, पण बाहेर लॉरी सुरू आहे. आज शुक्रवार. बर्नी आमिष काढायला सोमवारी येईल. तोवर तू माकुळाच्या दोन खोक्यांमध्ये पडून असशील, अगदी शांत, अगदी ताजा. समाप्त."

"ताजा," लेफ्टेरी म्हणाला, आणि सगळी खदखदून हसली. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग हसणं थांबलं. फिलिपा खुर्चीच्या टोकाला सरकली. आत्ता कोणीतरी 'मिस, परत' म्हणणार म्हणून तिने पेन उचललं होतं.

टीगन उठली. तिने स्कर्ट झटकला. "चला," ती म्हणाली, "मेलो."

"अगं, अजून अर्धा तास बाकी आहे," वॉरिक म्हणाला.

"हो सर, पण मेलो ना आपण. पहिल्या पानावर लिहिलंय. मिसकडे रडत जायचं नाही."

"मैदानावर जाऊ का, सर?" लेफ्टेरीने विचारलं. "माझ्याकडे बॉल आहे."

आणि पोरं रांगेत उभी राहिली. कुरकूर नाही की ओठ काढणं नाही. वॉम्बॅटने पुठ्ठ्याचं डोकं काढून काखेत घेतलं. एवढी शिस्त मी त्यांच्यात बसमध्ये कधी पाहिली नव्हती. एकेक पोर दारातून बाहेर पडायला लागलं.

फिलिपा माझ्याजवळ आली. चेहरा पडलेला, पण सरळ माणूस आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याचाही मला राग आला. "तुम्ही म्हणत होता तेच बरोबर," ती म्हणाली. "मी हरले. पुस्तक जसं आहे तसंच जाईल. एकही ओळ नको."

जिंकले. पहिल्यांदाच ॲडलेडहून आलेलं कोणीतरी मला म्हणालं की तुझं बरोबर. इथे मी फक्त मान हलवायची होती. शहाण्या बाईने मान हलवली असती, घरी जाऊन बिअर उघडली असती.

पण माझ्या हातात ती फाईल होती. दोन वर्षांचं काम. त्यातली तीन पानं ऐकून माझे वाचक बॉल खेळायला निघाले होते. भिंग कोणी नेलं हे एकानेही विचारलं नाही. धक्क्याखालची ओहोटी, ते शिंपले, वरचा तो आवाज, यातलं त्यांना काही नको होतं, कारण मी स्वतः सहा पुस्तकं घसा फोडून त्यांना शिकवलं होतं की दार लागलं की लागलं. पोरं शिकली होती. माझं कोणी इतकं ऐकेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले.

रांग थांबली.

"आत या. अजून पुष्कळ पुढे आहे."

"असेल, मिस," टीगन म्हणाली. "पण आम्ही बर्फात आहोत."

"ते सोड. यावेळी चालेल."

"यावेळी कसं चालेल?" तिने अगदी साधेपणाने विचारलं, आणि तोच तर त्रास होता. "नियम आहे ना."

"बस परत येत नाही," लेफ्टेरी म्हणाला. "मंगळवारी मी फाटकापर्यंत पोचलो होतो. माझा हात दाराला लागला होता, मिस. तुम्ही आरशात बघितलंत पण."

"बूट कुठे होते तुझे?"

"हातात."

"मग."

"मग काय, चालत आलो. बूट घालून."

वॉरिक छताकडे बघत होता. हसू दाबायचं असलं की तो शाळेतही छताकडेच बघायचा. मी विनवणी करायला लागले. मी, ग्लेनिस ट्रेम्बाथ, फुटबॉलच्या जर्सीतल्या एका पोराला सांगत होते की बाळा, पुढे एक फार चांगलं पान आहे. तो म्हणाला असेलच की, मिस, पण ते जिवंत लोकांसाठी आहे.

तेवढ्यात टीगनची मान तिरकी झाली. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"मिस, तुमचं बोट कुठाय?"

मी खाली बघितलं. फाईल मिटलेली, छातीशी धरलेली. आणि डाव्या हाताचं पहिलं बोट अजून आत. मी ते ओढलं, पण जाड फाईलमधून बोट निघायला वेळ लागतो, आणि सगळ्यांनी ते निघताना पाहिलं.

"कितव्या पानात होतं?" तिने विचारलं.

"फाईलच्या कड्या सैल आहेत. धरून ठेवावं लागतं."

"कितव्या, मिस?"

"बाराव्या."

दारापलीकडे गेलेली पोरंसुद्धा आत आली. मैदानापर्यंत बातमी कशी गेली मला माहीत नाही. सगळ्यांच्या तोंडावर जे पसरलं होतं तसं मी याआधी एकदाच पाहिलं होतं, माझी बस शाळेच्या फाटकात वाळूत रुतली तेव्हा.

"मिस," लेफ्टेरी म्हणाला, "भित्र्याने काय घ्यावं?"

मी फाईल पाठीमागे घेतली.

"रंगवायची चित्रं," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

भिंतीजवळच्या टेबलावर बालवर्गासाठी चित्रांचे कागद ठेवले होते. लेफ्टेरी गेला, त्यातला एक निवडला, परत येऊन दोन्ही हातांनी मला दिला. फूल हुंगणारा वॉम्बॅट. वर तपकिरी खडू ठेवला. मी घेतला. वॉरिकला एकदम खोकला लागला आणि तो बाहेर गेला.

"कडेच्या बाहेर जाऊ देऊ नका," लेफ्टेरी म्हणाला.

मग त्यांनी आपापसात डोकी जुळवली. निकाल टीगनने सांगितला. मिसनी बोट ठेवलंय, म्हणजे आता सगळ्यांना ठेवता येईल. परत जाऊ.

"पान बारा," मी घाईने फाईल उघडत म्हणाले. बारानंतर दोनदाच वाट निवडायची, की धक्क्याखाली.

"नाही नाही. पहिल्यापासून. मगाशी धक्क्यावर गेलो नाही ना, तिथे कसं मरतात ते बघायचंय."

ते मला ऐकावं लागलं. आम्ही धक्क्यावर गेलो आणि क्रेनचा हूक डोक्यात बसून मेलो. परत आलो. बर्नीच्या नावेत चढलो आणि बुडालो. परत आलो. शिपायाच्या सँडविचमधला खराब ऑयस्टर खाऊन मेलो. ते मरण मी एका कंटाळलेल्या दुपारी लिहिलं होतं आणि काढून टाकणार होते, त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. हॉलभर नुसती पळापळ. दर मरणानंतर पोरं आडवी पडायची, चेटकिणी चाच्यांवर, चाचे वॉम्बॅटवर, आणि मी 'परत' म्हटलं की उठायची. मी ते इतक्यांदा म्हटलं की घसा बसला. चांगली वाट त्यांनी एकदाही घेतली नाही. कुठली चांगली हे त्यांना माझ्या तोंडावरून कळत होतं, आणि पोरं ती बरोबर टाळत होती.

घंटा झाली तेव्हा धक्क्याखालचं पान तसंच राहिलं होतं. आजतागायत ते मोठ्याने वाचलेलं फक्त माझ्या केटलीने ऐकलंय.

फिलिपा गाडीपाशी उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, हातात वॉम्बॅट.

"ओळ लागणार," मी म्हणाले. "तू बोलू नकोस. मीच परत बोलावलं त्यांना, मला दिसतं. आंधळी नाही मी."

"मी काही बोलले नाही."

"पण ती तुझी 'पुन्हा प्रयत्न कर' वाली ओळ नाही चालणार. मी लिहीन."

"तुम्हीच लिहा. मला तेच हवं होतं." ती दार उघडता उघडता थांबली. "एक विचारू? ती फिओना ओल्डफिल्ड."

"योगायोग."

"सहा पुस्तकांत चोर कोण कोण होते ते मी काल पुन्हा बघितलं. बँकेचा मोठा साहेब. प्राध्यापक. शाळा तपासनीस. चित्रं जमवणारी डॉक्टरीणबाई. मग एक वकील, आणि मग अजून एक प्राध्यापक. सगळे शहरातले. सगळे शिकलेले."

"चोऱ्या तेच करतात," मी म्हणाले. "आमचे लोक पकडले जातात."

ती हसली. मला अपेक्षित नव्हतं इतकी मोकळी हसली. "मफलर राहू द्या," ती म्हणाली. "फक्त हिरवा करा. हा माझ्या बहिणीने विणलाय, तिला वाईट वाटेल. मनापासून."

दुपारच्या बसमध्ये टीगन नेहमीप्रमाणे माझ्या मागे बसली. तिने काही विचारावं म्हणून मिठाच्या तळ्यापर्यंत मी वाट बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "भिंग कोणी नेलं ते विचारलं नाहीस."

"त्या मफलरवाल्या बाईने."

मी आरशात बघितलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सगळ्यांना माहितीये, मिस. तुमच्या पुस्तकात जो नीट बोलतो तो चोर असतो. आम्ही पहिल्या पानावरच ठरवून टाकतो."

मागून दोघा-तिघांनी 'हो' म्हटलं, जणू ही काही बातमीच नव्हे. सहा पुस्तकं मी धागेदोरे लपवले होते. पायाचे ठसे, अर्धी जळालेली तिकिटं, उलट्या चालणाऱ्या घड्याळाचं एक फार अवघड प्रकरण.

"मग वाचता कशाला?" मी विचारलं.

"मरायला," लेफ्टेरी मागून म्हणाला. "तुम्ही मारता छान."

माझ्या लिखाणावर आजवर जेवढं लिहून आलं आहे, त्यात एवढं चांगलं कोणी लिहिलेलं नाही. त्याच्या फाटकापाशी मी बस जरा जास्त वेळ उभी ठेवली. त्याने ते लक्षात आणून दिलं, म्हणून लगेच दार लावलं.

'दिव्याचं भिंग' गेल्या महिन्यात आलं. मफलर हिरवा आहे. ऑयस्टर राहिलाय. प्रत्येक मरणाखाली ओळ आहे, आणि दर वेळी वेगळी. बर्फखोलीखाली लिहिलंय: 'बोट ठेवलं असशील तर परत जा, नसशील ठेवलं तर गोठ.' काही ओळी फिलिपाने गाळल्या. त्या गाळण्यासारख्या होत्याच. पहिल्या पानावरचा दम बदललाय. आता तिथे लिहिलंय की मागच्या पानात बोट ठेवायचं असेल तर खुशाल ठेव, लेखिकाही ठेवते, पण एकच. पाच-पाच बोटं अडकवणारी एकजण बसमध्ये माझ्या मागे बसते, आणि तिच्यावर माझी नजर आहे.

रंगवलेला वॉम्बॅट डॅशबोर्डवर चिकटवलाय. कडेच्या बाहेर गेलाय. रस्त्यात खड्डे होते.

बस अजूनही परत येत नाही. लेफ्टेरीला विचारा, काल पुन्हा चालत आला, आणि मी त्याला नवं पुस्तक पाठवलंय म्हणून त्याला वाटलं होतं की मी थांबेन.